हौसाचं मांजर निघालं

भैरोबाच्या पायरीवर दोन्ही हात ठेवून सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मोठ्यानं सांगते, शेजारीपाजारी ऐकायचं तर ऐकू देत. गजराबाई वाढवून सांगते, असं आख्खी वाडी म्हणते. म्हणू दे. ही गोष्ट मी वाढवलेली नाही. झाली असेल तर थोडी कमीच झाली असेल.

त्या दिवशी मी ओसरीवर पावटे सोलत बसले होते आणि समोर ऋतू मोबाईल धरून बसली होती. ऋतू म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी. कराडला कॉलेजात दगडमातीचं शिकत होती, आणि एक ब्लॉग लिहायची. 'पायाखाली' असं त्याचं नाव. जमीन का हलते, गरम पाण्याचे झरे कुठून येतात, आपल्या डोंगरातला काळा दगड कधीकाळी कसा पातळ वाहत होता, असलं सगळं ती माझ्यासारखीलाही कळेल असं लिहायची. मोठमोठे प्रोफेसर वाचायचे म्हणे.

"आजी, सदुसष्टचा कोयनेचा भूकंप तू बघितलास ना?"

"बघितला म्हणजे? अंगावर घेतला."

"मग सांग. पण एक अट आहे. वाढवायचं नाही."

"मी कधी वाढवते?"

"परवा म्हणालीस, आजोबांनी फणस पाडला आणि त्याच्याखाली एसटी चेपली."

"एसटी नाही. एसटीचा टप."

ती हसली, पण मोबाईल तसाच माझ्या तोंडासमोर. मग मी सांगितलं. मी तेव्हा नवी नवरी. घरात भुरं मांजर व्यालेलं, चार पिल्लं. आदल्या दिवशी दिवेलागणीला त्यानं एकेक पिल्लू मानेला धरलं आणि बाहेर गवताच्या गंजीत नेऊन ठेवलं. मला शंका आली. मी पहाटेच उठले, मांजराच्या मागं गंजीपाशी जाऊन बसले, आणि बसते न बसते तोच जमीन दळायला लागली. मी जिथं झोपत होते, त्या कोपऱ्यावर भिंत आली. घरातले बाकीचे पुढच्या दारानं कसेबसे निघाले. मांजर नसतं तर आज ही गजरा नसती, आणि तूही नसतीस गं माझे बाई.

पावटे तसेच राहिले. ऋतूचे डोळे पाणावले होते. मला बरं वाटलं. श्रोता रडला की मला जेवल्यासारखं होतं.

"खरं ना, आजी? मी तुझं नाव घालून लिहिणार आहे."

"भैरोबाची आण."

हो, तेव्हाही भैरोबाचीच घेतली होती. आजचं वेगळं आहे.

तिनं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. छान लिहिलं होतं. भूकंप झाला की जमिनीतून दोन लाटा निघतात. एक हलकी, पळणारी. तिच्या मागून दुसरी, घरं पाडणारी. पहिली आपल्याला कळत नाही, जनावरांना कदाचित कळते, म्हणून ती काही सेकंद आधी बिचकतात. पण भूकंप येणार हे एक दिवस आधी कुणालाच कळत नाही, माणसाला नाही, यंत्राला नाही आणि मांजरालाही नाही, असं शास्त्र सांगतं. आणि मग शेवटी, 'तरीही माझ्या आजीनं जे पाहिलं, ते तिच्याच शब्दांत.'

वर सगळं शास्त्र होतं, खाली माझं मांजर. कुणीतरी वरचं कापलं, खालचं ठेवलं, त्याला मांजराचा फोटो चिकटवला आणि 'भूवैज्ञानिक नातीनं उलगडलं भूकंपाचं रहस्य' असं लिहून ते आमच्या खोऱ्यातल्या फोनाफोनांत सोडून दिलं. पाटणच्या बाजारात भाजीवालीनं मला ओळखलं. मेथीची जुडी फुकट दिली. मी घेतली.

आमच्याकडे जमीन हलून भांडी अधूनमधून वाजतातच. मांडणीवरचे पेले किणकिणले की आम्ही चहा ओतायचं थांबवतो आणि मग ओततो. त्या थंडीत एकदा जरा जोरात वाजली. दुसऱ्याच दिवशी सकाळी हौसाचं मांजर निघालं.

हौसा माझी शेजारीण. तिची लेक पूनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. मुलगी झाली होती, अजून बारसं व्हायचं होतं. आणि त्याच घरात माळ्यावर मांजर व्यालेलं. त्यानं पिल्लू तोंडात धरलं आणि उंबरा ओलांडला, हे हौसानं बघितलं मात्र, तिनं हातातली परात टाकली. लेकीला उठवलं, नातीला गुंडाळलं आणि दोघींना बाहेर काढलं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, हे आमच्यात रांगत्या पोरालाही ठाऊक आहे. पण भ्यालेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

मांजर गेलं ते तुका सुताराच्या घरात. मग ज्या घरात मांजर गेलं ते घर धड, असं लोकांनी धरलं. तुकाच्या घरात आख्खी आळी शिरली. पोरं पिल्लं बघायला, म्हातारे बसायला, बायका चहा करायला. एवढ्या गोंगाटात कुठलं मांजर राहील? त्यानं पिल्लं उचलली आणि पलीकडच्या घरी नेली. झालं, तुकाचं घर धोक्याचं. लोक मांजराच्या मागं, मांजर लोकांच्या पुढं. असं करत करत सगळी आळी शेवटी खळ्यावर येऊन बसली. मांजरही कंटाळून तिथल्याच पेंढ्याच्या गंजीवर चढलं.

आणि ह्या सगळ्यात मला किंमत आली होती. लोक मला विचारायला येत.

"आक्का, मांजर जाताना शेपूट वर हुतं. चांगलं का वाईट?"

"वर असेल तर अजून वेळ आहे."

"आन् खाली असलं तर?"

"तर भांडीकुंडी बाहेर काढा."

मी सांगत गेले. एकदा सांगायला लागलं की मला थांबता येत नाही. कुणीतरी मला खुर्ची आणून दिली. खळ्यावर प्लास्टिकची लाल खुर्ची, आणि तिच्यावर मी, शाल पांघरून.

पूनम ताडपत्रीखाली होती. डोंगरातली थंडी, खाली पेंढा, वर ताडपत्री, आणि चारी बाजूंनी वारा. बाळंतिणीला शेक नाही, पोरीला धुरी नाही, कारण उघड्यावर निखारे टिकत नव्हते आणि पेंढ्याजवळ विस्तव ठेवायची भीती. मी रोज तिच्याजवळ जाऊन बसायचे. पोरीचे तळवे चोळून द्यायचे. आधी ती नुसती शिंकायची. मग खोकायला लागली. एवढ्याशा पोरीचा खोकला तो केवढा, मांजराच्या पिल्लानं शिंकावं तेवढा. पण तो ऐकला आणि मी हौसाला हाक मारली.

"हौसा, हिला घरात ने गं," मी म्हणलं.

"मांजर कुठं गेलंय घरात?"

"मांजराचं काय एवढं."

हौसानं माझ्याकडं बघितलं. "तूच असं म्हणतीस व्हय?"

तिथंच तोंड उघडलं असतं तर. पण शेजारी चार बायका होत्या, आणि मी खुर्चीवर होते.

शनिवारी दुपारी ऋतू आली. एसटीतून उतरली ती घरी न येता सरळ खळ्यावर. ताडपत्रीखाली वाकून बघितलं. पोरीच्या छातीला कान लावला. मग माझ्या दंडाला धरून मला गंजीच्या मागं घेऊन गेली.

"आजी, मला एकच सांग. ते भुरं मांजर होतं ना?"

"होतं की."

"आणि ते आदल्या दिवशी निघालं होतं?"

मी पदराला गाठ मारली, सोडली.

"आजी."

"चुलीच्या राखेत झोपलं होतं," मी म्हणलं. "भिंत पडली तेव्हा उठलं. सगळ्यांच्या मागून पळालं."

"मग तू पहाटे बाहेर कशी होतीस?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. गुऱ्हाळाचे दिवस होते. कोठीत काकवीची घागर आली होती आणि मी चोरून वाटीवर वाटी प्यायले होते. नवी नवरी, पंधरा वर्षांची. पहाटे पोट चालायला लागलं. जावेला उठवायची लाज वाटली म्हणून एकटीच टमरेल घेऊन परसाकडं गेले, आणि तिथं बसलेली असताना जमीन हलली. सगळं शांत झाल्यावर सासरे म्हणाले, सूनबाई, तू बाहेर कशी? आता त्यांना काय सांगायचं? समोर मांजर अंग चाटत बसलं होतं. म्हणलं, मांजर निघालं, म्हणून मागं गेले.

तेवढंच सांगितलं होतं. पिल्लं नंतर आली. दिवेलागण त्याच्याही नंतर.

ऋतू हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

"मला कळायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "कळलंही होतं. वर मी स्वतःच लिहिलं होतं की असं होत नाही. पण गोष्ट इतकी छान होती, आजी. मला ती सोडवेना."

"आता गं?"

"आता चल. जे मला सांगितलंस ते त्यांना सांग. तसंच."

"टमरेलासकट?"

"टमरेलासकट."

खळ्यावर सगळे होते. मी खुर्चीवर बसले नाही, उभी राहिले.

"हौसा, ते मांजर खोटं होतं."

"कुठलं?"

"सदुसष्टचं. मांजर निघालंच नव्हतं. मी चोरून काकवी प्यायले होते. पोट चाललं होतं. परसाकडं गेले होते, म्हणून वाचले."

तुका सुतार खो खो हसत सुटला. त्याचं बघून बाकीचे. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"आक्का," तुका डोळे पुसत म्हणाला, "ही गोष्ट त्या मांजराच्या गोष्टीहून भारी हाय. काकवी म्हणं."

"अरे, खरं सांगतीय मी."

"व्हय, व्हय. एसटीचा टप पण खराच हुता."

हौसा मात्र हसत नव्हती. ती ऋतूकडं बघत होती. "पोरी, तू शिकवलंस का हिला असं बोलायला?"

"नाही, हौसाआजी. आजी खरं सांगतेय."

"मग तू लिवलंस ते?"

"ते चुकलं. मी तपासलं नव्हतं."

"एवढी शिकलेली पोर, तपासल्याबिगर लिवशील व्हय? साऱ्या खोऱ्यानं वाचलंय." हौसा बाकीच्यांकडं वळली. "आजीवर कोन काय बोलंल म्हणून पोर स्वतःवर घेतीय बघा."

ऋतूनं पुन्हा सगळं समजावलं. दोन लाटा, काही सेकंद, मांजर का फिरतं, सगळं. चांगलं सांगितलं, हाताच्या ओंजळी हलवून दाखवल्या. लोकांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी जनावराला आधी कळतं," तुका म्हणाला.

"काही सेकंद, काका."

"पण कळतं."

"काही सेकंदच. तेही सगळ्यांना नाही."

"मग काही सेकंदांत बाळंतीण कशी उठून पळंल? म्हणून तर आधीच येऊन बसलोय न्हवं आम्ही."

ऋतूनं ओंजळी खाली सोडल्या. उन्हं डोंगरामागं गेली होती आणि वारा सुटायला लागला होता. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं. तेवढ्यात पूनम उठून बाहेर आली, पोरीला छातीशी धरून. पोर आता खोकत नव्हती. नुसती घुरघुरत होती.

"आजी," पूनम म्हणाली, "मला काही कळत नाहीये ह्यातलं. तुम्ही एकदाच सांगा. मी आत जाऊ का?"

"जा," मी म्हणलं.

"न्हाई जायाचं," हौसा म्हणाली. "ऐन येळी छप्पर डोक्यावर आलं म्हंजी?"

पूनम तिथंच उभी राहिली. पोरीच्या नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या.

मी गंजीकडं बघितलं. मांजर आडवं पडलं होतं, पिल्लांना पाजत होतं. पुढचं वाक्य माझ्या तोंडात कधी आलं मला ठाऊक नाही. भूक लागल्यावर तोंडाला पाणी सुटतं, तसं आलं.

"हौसा, मांजराचं तोंड बघ कुठं आहे."

सगळे बघायला लागले.

"घराकडं," हौसा म्हणाली.

"आता खरं सांगते. मघाशी लाजेनं गोष्ट फिरवत होते मी. सदुसष्टला पण असंच झालं होतं. जमीन शांत झाली की मांजर घराकडं तोंड करून पिल्लांना पाजतं. आमचं भुरं तसंच बसलं होतं, मग सासऱ्यांनी आम्हाला आत घेतलं. आता वर्षभर काही व्हायचं नाही."

"नक्की?"

"भैरोबाची आण."

खरं सांगून माझा घसा बसला होता. हे सांगायला एक श्वास पुरला. वाकळा उचलल्या गेल्या, पोरं काखेत घेतली गेली. तुकानं माझी खुर्चीसुद्धा उचलली. हौसानं लेकीला आणि नातीला घरात नेलं, शेगडी पेटवली. दारातून निखाऱ्यांचा वास आला तेव्हा मी खळ्याकडं वळले.

ऋतू खळ्यावरच उभी होती.

"पोर आत गेली ना?" मी म्हणलं.

"गेली."

"मग?"

"मग काही नाही, आजी." तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "मी आता लोकांना काय सांगू, एवढंच कळत नाहीये."

ती शेवटच्या एसटीनं कराडला परत गेली. माझ्याकडं चहाही घेतला नाही. तिनं ब्लॉगवर सगळं लिहिलं, काकवीसकट, टमरेलासकट. पहिल्या लेखात आपली काय चूक झाली तेही लिहिलं. ते कुणी कापलं नाही, फोटो चिकटवला नाही, पुढं पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला ताप भरला. जीप करून तिला कराडला नेलं, मी जीपमध्ये मागं बसले. कुणी बस म्हणलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं न्यूमोनिया, आणि पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं. हौसा औषधांसाठी खालीवर करत होती. बाहेरच्या बाकावर पूनम आणि मी.

पूनम बोलली. समोरच्या भिंतीकडं बघत.

"आजी, ते घराकडं तोंड करून पाजतं ते खरं होतं?"

"नाही."

"आणि पहिलं?"

"ते पण नाही. काकवीचं खरं."

"मग माझी पोर तिथं थंडीत कशासाठी होती?"

मी मांडीवरचं पोरीचं दुपटं घडी घालायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं. तुम्ही रोज येऊन तिचे तळवे चोळत होता."

"हो."

"आणि माहीत होतं."

"हो गं."

दोन रात्री पोर पेटीत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, दूध प्यायली, आता धोका नाही. हौसा तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. पूनमनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ द्या, आजी. पोर वाचली ना."

ती पोर आता शाळेत जाते. स्वरा तिचं नाव. सुट्टीत आजोळी आली की कुंपणावरून डोकं काढते आणि म्हणते, गजराआजी, गोष्ट सांग. मी म्हणते, मला येत नाहीत. ऋतू आता पुण्याला असते, ब्लॉग अजून लिहिते. येते, जेवते, पाया पडते. मोबाईल मात्र पर्समध्येच ठेवते.

आता एक सांगायचं राहिलं. ते हातावर हात ठेवणं आणि 'जाऊ द्या, आजी' म्हणणं, ते मी घातलं. इतकी वर्षं घालतेय, आता मलाच ऐकू येतं. पूनम तसं काही म्हणाली नाही. डॉक्टरांनी पोरीला तिच्या मांडीवर दिलं. मी बघायला वाकले, तशी ती बाकावर जरा पलीकडं सरकली आणि माझ्या बाजूनं पोरीच्या तोंडावर पदर ओढून घेतला.